नऊ व्होल्ट

एक फोन आइस फॅक्टरीच्या भंगारातला, काळा,
बोलायच्या जाळीला अजून म्हावऱ्याचा वास.
दुसरा सासूबाईंचा, लाल,
डायलला पितळी कुलूप.
किल्ली त्यांच्या कनवटीला असायची,
त्या गेल्या त्या गडबडीत कुणी पाहिलीच नाही.
सोलकरचाचांनी कुलूप करवतीच्या पात्याने कापलं
आणि म्हणाले, "आता कुठलाही नंबर फिरव.
लागणार एकाच ठिकाणी."

घर वर, कड्याच्या डोक्यावर.
शेड खाली, देवगडच्या खाडीला टेकून.
मधे जांभ्याच्या एकशे बारा पायऱ्या.
मोबाइलची रेंज कड्याला आपटून माघारी जाते,
आणि आमच्या माणसाचे कान
तीस वर्षं लोकांची इंजिनं ऐकून संपलेले.
"जेवायला या" म्हणून हाक मारावी
तर होडीवरचे चौघे वर बघतात,
हा सोडून.

चाचा टेलिफोन खात्यात लाइनमन.
एक्स्चेंज बंद झालं, खांब मात्र उभेच राहिले
माडांच्या रांगेत, झावळ्या नसलेले.
गुडघ्यांना शिव्या देत चाचा एकावर चढले
आणि आमच्याच तोडलेल्या कनेक्शनची
लोंबती वायर गुंडाळून खाली आले.
"खातं विसरलं. मी कसा विसरेन?
मीच ओढली होती, भर उन्हात."

जोडणी एवढीशी.
एक तार या फोनातून त्या फोनात सरळ,
दुसरीच्या वाटेत नऊ व्होल्टची बॅटरी
आणि एक रेझिस्टर, तांदळातल्या अळीएवढा,
अंगावर रंगीत पट्टे.
दोघांनी उचलला तर वाट पुरी होते.
एकाने ठेवला की बॅटरी झोपली.
घंटी तेवढी वाजत नाही,
तिला जोर लागतो पाऊणशे व्होल्टचा.
मग पायऱ्यांच्या कडेने गरीचा नायलॉन ओढला
आणि शेडमध्ये टांगली
विकलेल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा,
बरोबर त्याच्या नाकासमोर.
ऐकू येत नाही त्याला. हलताना दिसते.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "हॅलो."
खालून आवाज, "कोण बोलता?"
या वायरीवर दुसरं कोण बोलणार!
"राँग नंबर," म्हटलं, आणि आपटला.
चाचा हसता हसता खोकत बसले.

मग हळूहळू कळलं,
त्या काळ्या रिसीव्हरातून माझं त्याला ऐकू येतं.
समोर बसून तीनदा ओरडावं लागतं
ते तिथे पुटपुटलं तरी पोचतं.
तेव्हापासून भांडायचं असलं
की तो खाली जातो, मी वर थांबते.
कालवणात मीठ जास्त झालं,
तेही त्याने सगळं जेवून,
हात धुऊन, एकशे बारा पायऱ्या उतरून कळवलं.
आणि एकदा, पिस्टन पुसत असावा,
"गो, तू काम करताना गुणगुणतस,
ता माका म्हायतच नाय होता."
मी काही बोलले नाही.
कढईत कांदा लागत होता.

आता तो मालप्याला गेलाय,
कुणाच्या तरी ट्रॉलरचं इंजिन उतरवायला. तीन आठवडे.
काल रात्री वीज गेली
आणि चाचपडत हात मेणबत्तीच्या आधी
लाल फोनवर पडला. उचलला.
कानात एकदम जागा उघडल्यासारखं झालं.
विसरभोळ्याने खालचा रिसीव्हर
बाकावर तसाच पालथा टाकून ठेवलेला.

फळ्यांखाली भरतीचं पाणी.
काहीतरी घरंगळलं, नट असेल,
मागोमाग मांजराचे पाय.
मग घंटा, एकदाच,
मी नायलॉनला हातही लावला नव्हता.
सासूबाईंच्या डायलवर मी एकचा आकडा फिरवला.
खाली टक् झालं असेल.
मांजर थांबली, एवढं खरं.

चाचा असते तर ओरडले असते,
ठेव गं, बॅटरी उतरेल.
मी पायाने स्टूल ओढून घेतलं.